राज्यपालांचा मष्णू

मष्णू भरमू पावशे हे नाव गावात फक्त मतदार यादीला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना तो 'साहेबांचा मष्णू'. जशी कुणाची म्हैस असते, कुणाचा ट्रॅक्टर असतो, तसा मष्णू साहेबांचा. त्याला याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते मालुबाईला, त्याच्या बायकोला. "आवं, लगीन माज्यासंगं लावलंय का त्या परशरामासंगं?" असं ती नवी नवरी असल्यापासून विचारत आली आणि मष्णू तेव्हापासून नुसता हसत आला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. बेळगावच्या पूर्वेकडच्या त्या गावात तो मष्णू होता, आणि भाकरी भाजता भाजता त्याची साठी उलटून गेली होती.

साहेब म्हणजे परशराम चौगुले, हल्ली लांबच्या एका राज्याचे राज्यपाल. पण गोष्ट सुरू होते ती पर्शापासून. मराठी शाळेत दोघं एका बाकावर बसत, तेव्हा मष्णू त्याला पर्शा म्हणायचा. पर्शा हुशार, बोलायला तिखट. मष्णूचा अभ्यासाच्या नावानं उजेड, पण आवाज असा की त्यानं मळ्यातून हाक मारली तर वेशीवरचं कुत्रं उठून बसायचं. पुढं सीमेच्या आंदोलनात घोषणा पर्शानं रचायच्या आणि मष्णूनं द्यायच्या, अशी वाटणी पडली. पोलिसांनी धरलं तेव्हा दोघंही हिंडलग्याच्या जेलात गेले. लाठ्या मात्र मष्णूला जास्त बसल्या, कारण घोषणा कुणी रचली हे पोलिसांना दिसत नाही, कोण ओरडतो ते दिसतं. जेलातून सुटल्यावर गावानं पर्शाला हार घालून जीपमध्ये उभं केलं. त्या दिवशी तो परशराम झाला. मष्णू जीपमागून लंगडत चालला होता आणि आनंदानं रडत होता, खुळा.

मग परशराम पंचायतीत निवडून आला आणि अण्णा झाला. आमदार झाला आणि साहेब झाला. मष्णूच्या तोंडात ही नावं आपसूक बदलत गेली, कुणी शिकवावं लागलं नाही. विरोधात बसून बसून साहेब कंटाळले आणि एके दिवशी दिल्लीवाल्यांच्या पक्षात गेले, तेव्हा गावात नुसता भडका उडाला. "सत्तेबिगर कामं व्हत न्हाईत, मष्णू," साहेबांनी समजावलं. मष्णूला ते पटलं की नाही हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी रिक्षाला भोंगा बांधून तो निघाला आणि ज्या गल्लीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं एक घोषणा दिली होती, त्याच गल्लीत दुसरी दिली. कुणीतरी शेणाचा गोळा फेकून मारला, तो कानशिलावर बसला. मष्णूनं कान पुसला आणि पुढची गल्ली धरली. साहेब त्या दिवशी बंगळूरला होते.

सत्तेचा गुण मात्र खरा निघाला. साहेब मंत्री झाले, गावाला पाण्याची टाकी आली, वेशीपर्यंत डांबर आलं, कितीतरी पोरं नोकरीला चिकटली. माणसं मष्णूकडं यायची आणि मष्णू साहेबांकडं जायचा. साहेब चारचौघांत म्हणायचे, "हे नियमात बसत नाही, मी काही करू शकत नाही." येणाऱ्याचं तोंड उतरायचं. मग मष्णू त्याला बाहेर आणून डोळा मिचकावायचा. "वरनं न्हाय म्हणत्यात रं. आतनं करत्यात. जरा दम धर." आणि महिन्याभरात ते काम झालेलं असायचं. स्वतःसाठी मात्र त्यानं कधी शब्द टाकला नाही. मुलगी नीलम संकेश्वरला दिली, तिच्या नवऱ्याला साखर कारखान्यात कायम करायचा प्रश्न आला, तेव्हा मालुबाईनं त्याच्या मागं लकडा लावला. "आपुन मागितलं की भिकारी झालो," असं म्हणून मष्णूनं विषय मिटवला. जावई दुसरीकडं लागला.

राजकारणात चढ आहे तसा उतारही आहे. साहेब एकदा पडले, पुन्हा पडले, आणि तिसऱ्या खेपेला पक्षानं तिकीटच दिलं नाही. आपल्याकडं अर्ज भरण्याआधी ग्रामदेवापुढं गाऱ्हाणं घालायची रीत आहे. नारळ हातात धरून एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. साहेबांच्या प्रत्येक निवडणुकीचं गाऱ्हाणं कलमेश्वराच्या देवळात मष्णूनंच घातलं होतं. त्या वर्षी अर्जच भरायचा नव्हता, तरी तो एकटा देवळात गेला. साहेबांचे हाल त्याला बघवत नव्हते. "बा कलमेश्वरा," त्यानं मागितलं, "आता ह्येस्नी असल्या जागंवर बशीव, की परत मतं मागायची पाळी येऊ ने आन् कुणाला पाडायला येऊ ने." 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ते त्यानंच म्हटलं.

त्या वर्षाअखेर साहेब राज्यपाल झाले. ज्या राज्याचे झाले त्याचं नाव गावात कुणाला धड उच्चारता येईना, पण बिघडलं कुठं? टीव्हीवर दिसलं ते पुरेसं होतं. तिथला मुख्यमंत्री साहेबांपुढं उभा राहून शपथ घेत होता, साहेब म्हणतील ते शब्द त्यांच्या मागून म्हणत होता. मुख्यमंत्र्यापेक्षा मोठा माणूस आपल्या गावचा! पेढे वाटले, हलगी वाजली. देवानं मष्णूचं ऐकलं म्हणून मष्णूलाही एक हार पडला. मागितलं ते सगळंच्या सगळं देवानं दिलं होतं. मतं मागायची पाळी संपली आणि मतं मागायला गावात यायची गरजही संपली, हा त्यातला दुसरा भाग कळायला दोन-तीन वर्षं जावी लागली.

बायपासची नोटीस आली ती त्याच सुमारास. पंचायतीच्या भिंतीवर कन्नडमध्ये कागद चिकटवला होता. नाल्यापासून वेशीपर्यंत गावाचं सगळं भाताचं शिवार त्यात जात होतं. मष्णूचं रान त्यात होतं आणि त्याच्या थोरल्या भावाच्या मुलाचं, भावकूचंही होतं. भावकू दिवसा बेळगावात गॅरेजला असायचा, सकाळ-संध्याकाळ रानात. त्यानं कागद वाचून दाखवला आणि देवळातल्या बैठकीत सांगितलं, "मुदत हाय तवर सगळ्यांनी हरकत देऊ या. नाल्यापलीकडच्या गावानं वकील धरलाय."

सगळ्यांनी मष्णूकडं बघितलं. मष्णू उठला. "आरं, आपला मानूस राज्यपाल हाय," तो म्हणाला. "त्येच्याच गावानं सरकारच्या विरोधात कागद केला, तर त्येनं तिकडं तोंड कसं दाखवायचं? काय व्हायचं त्ये साहेब आतनं करतील. आपुन त्यांची शोभा करायची न्हाय."

हे सगळ्यांना पटलं. भावकूलाही पटलं, हे विशेष. मोठ्या माणसाचं गाव म्हणून मिरवायचं तर थोडी अब्रू सांभाळावी लागते, असं म्हणत माणसं घरी गेली. हरकतीची मुदत उलटली. पलीकडच्या गावाची सुनावणी झाली, मोजणीवाले पुन्हा आले आणि आखणी त्या गावापासून सरकवून आणखी अलीकडं, याच गावाच्या अंगावर घातली. हरकत न घेणाऱ्या गावाची जमीन म्हणजे सरकारच्या दृष्टीनं रिकामी खुर्ची. मष्णूच्या बांधावर दगड रोवला गेला तेव्हा भात गुडघ्याएवढं झालं होतं.

मष्णूनं फोन लावायला घेतला. साहेबांचा जुना नंबर बंद होता. मग बेळगावात जाऊन त्यानं उपेंद्ररावांना गाठलं. उपेंद्रराव कुलकर्णी हे साहेबांच्या मंत्रिपणातले सचिव, आता निवृत्त, पण सगळीकडं ओळख ठेवून असलेले. "मष्णू, आता असा फोन लागत नाही रे," ते म्हणाले. "पण थांब. पुढच्या आठवड्यात एका कॉलेजच्या समारंभाला येतायत ते. कॅम्पातल्या विश्रामगृहावर तुला पाच मिनिटं मिळवून देतो."

मालुबाईनं शेंगा पोळ्या करून दिल्या. गेटावरच्या पोलिसांनी त्या ठेवून घेतल्या. तीन ठिकाणी अंग चाचपून मष्णूला आत सोडलं. उपेंद्ररावांनी आधीच बजावलं होतं, लांबून नमस्कार करायचा, पाया पडायचं नाही, महामहिम म्हणायचं. मष्णूनं लांबून नमस्कार केला. महामहिम काही तोंडातून फुटेना, आणि एवढ्या मोठ्या खोलीत साहेब म्हणायचीही भीती वाटली, म्हणून तो तसाच उभा राहिला.

"बस, मष्णू," साहेब म्हणाले. अंगानं भरले होते, केस पांढरेफटक झाले होते. बाजूला गणवेशातला एक अधिकारी ताठ उभा होता. "मालुबाई बरी आहे?"

"बरी हाय. शेंगा पोळ्या दिलत्या तिनं. गेटावर ठेवून घेतल्या."

"मलाही नाही देणार ते," साहेब म्हणाले आणि अधिकाऱ्याकडं बघून हसले. अधिकारी हसला नाही, त्याला मराठी येत नव्हती. "गावात यायचं होतं रे मला. कलमेश्वराला नारळ द्यायचा होता. इथल्या अधिकाऱ्यांनी कळवलं, त्या गावात रस्त्याचा वाद आहे, आपण जाणं बरं नाही."

"म्हंजी तुमास्नी म्हाईत हाय."

"म्हाईत हाय." साहेबांची भाषा एकदम गावची झाली.

"मग येक फोन करा तेवडा." जन्मात पहिल्यांदा मष्णू स्वतःसाठी काही मागत होता, आणि ते इतक्या हळू निघालं की साहेबांना पुढं वाकावं लागलं. "रान जातंय, साहेब. माजं जातंय, भावकूचं जातंय, समद्या गावाचं जातंय."

"कुणाला करू फोन? मी तिकडचा राज्यपाल, हितं पाव्हणा. फोन केला तर उद्या पेपरात येतंय, आन् परवा दिल्लीचं बोलावणं." साहेबांनी अधिकाऱ्याकडं पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "तिकडं तरी मला कोण इचारतंय? सरकार लिहून देतंय त्ये भाषण वाचतो. समोर येतंय त्यावर सही करतो. बंगल्यावरच्या माळ्याची बदली थांबवा म्हटलं, तर तेबी कुणी ऐकलं न्हाय. तू आणल्यालं काम मी वरनं न्हाय म्हणायचो आन् आतनं करायचो. आता आतबी काय न्हाय, मष्ण्या."

मष्णूला वाटलं, साहेब अजूनही डोळा मिचकावतील. त्यानं वाट पाहिली. साहेबांचे डोळे भरून आले होते.

"हरकत दिलती न्हवं तुमी?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय."

"का रं? मी आमदार असताना घसा फोडून सांगत हुतो की, पयली हरकत द्या, बाकीचं मग बगू म्हणून!"

"तुमचं नाव खराब होऊ ने म्हणून," मष्णू म्हणाला.

अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं आणि दार उघडलं. उठताना साहेबांनी मष्णूच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोपऱ्यातल्या फोटोवाल्यानं तेवढ्यात कळ दाबली. बाहेर उपेंद्रराव थांबले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अजून धारवाडला हायकोर्टात जाता येईल. मी वकील बघून देतो. पण सगळ्या गावानं सह्या केल्या तरच जोर येईल, आणि काम पुरतं व्हायच्या आत जायला हवं." पोळ्यांचा डबा परत मागायचं मष्णूच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. राज्यपालांचा हात आणि खाली मष्णूचा खांदा. तो पेपर मष्णूच्या आधी कट्ट्यावर पोचला होता.

"काय म्हणालं साहेब?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

मष्णूनं खरं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड भाषण होतं, आणि ते लिहून द्यायला पर्शा नव्हता. साहेबांच्यानं काही होत नाही, त्यांचा अधिकार चालत नाही, आपणच सह्या करून कोर्टात जाऊ, असं त्यानं जमेल तसं सांगितलं. मग म्हातारा यल्लाप्पा खोकल्यासारखं हसला.

"राज्यपालाच्यानं व्हत न्हाय? मग कुणाच्यानं व्हतंय, ग्रामसेवकाच्या?"

माणसं खळखळून हसली. भावकू पुढं आला. फोटोवर बोट ठेवून मष्णूला म्हणाला, "आप्पा, खांद्यावर हात हाय की हितं! काम व्हत नसतंय तवा मोटी मानसं खांद्यावर हात ठेवत न्हाईत." आणि त्यानं डोळा मिचकावला. "वरनं न्हाय, आतनं व्हय. आमास्नी कळतंय. तुमी कुणाजवळ बोलू नगा, आमीबी बोलत न्हाई."

मष्णूनं देवाच्या आणा घेतल्या. जितक्या आणा घेतल्या तितका गावाचा विश्वास वाढला. साहेबांनी किती पक्कं बजावलं असेल बघा, एवढी गुप्तता, म्हणजे काम लई वरचं आहे! तो सह्यांसाठी घरोघर फिरला. लोकांनी त्याला चहा दिला, साहेबांची तब्येत विचारली आणि सही तेवढी दिली नाही. एका म्हातारीनं तर सांगितलं, "सही केली आन् साहेबाच्या कामात इघ्न आलं तर?" ही भाषा त्याचीच होती. जन्मभर त्यानं गावाला जे पढवलं ते गाव आता त्यालाच म्हणून दाखवत होतं, आणि गावाला दोष कुठल्या तोंडानं द्यायचा? कागदावर त्याची सही होती आणि खाली मालुबाईचा अंगठा. तिसरं नाव आलंच नाही.

"तुला तरी खरं वाटतंय न्हवं?" त्यानं मालुबाईला विचारलं.

"मला त्येचा कवाच भरवसा न्हवता," मालुबाई म्हणाली. "म्हणून लगीच खरं वाटतंय."

भात पोटरीतून बाहेर पडलं, लोंब्या भरल्या, शिवारात वास सुटला. आणखी पंधरवडा मिळाला असता तर कापणी झाली असती. एका सकाळी नाल्याच्या बाजूनं मशीन आलं, मागून पोलिसांची गाडी आली, छत्री धरलेला इंजिनिअर आला. गाव बांधावर गोळा झालं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी आडवं झोपलं नाही. सगळे निवांत उभे होते. दोघा-तिघांनी तर इंजिनिअरकडं बघून मान हलवली, बिचाऱ्याला अजून वरून फोन आला नाही वाटतं. पोलीसही बुचकळ्यात पडले. इतकं समजूतदार गाव त्यांनी बघितलं नव्हतं.

मष्णू भावकूजवळ गेला. "भावकू, अजून येळ हाय. सही कर."

"आप्पा, बगा तर," भावकू हसून म्हणाला. "आता थांबतंय मिशन."

मष्णू परत आला आणि बांधावर बसला. मालुबाई शेजारी उभी होती. ती मशीनकडं बघत म्हणाली, "आवं, त्या छत्रीवाल्या साहेबाला सांगा, आदी आपल्या रानात मिशन घाला म्हणावं."

"काय बोलतीस?"

"राज्यपालाच्या मष्णूचं रान ग्येलं, म्हंजी तरी गावाला खरं वाटंल आन् सह्या करंल. दुसऱ्याचं ग्येलं तर म्हणतील, मष्णूचं वाचलं. उरल्यालं तरी वाचंल कुणाचं."

मष्णू तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या रानात तिनं उभ्या जन्माची लावणी केली होती. तो प्रचाराला हिंडत होता तेव्हाही तिथं ती वाकलेलीच होती. तो उठला, इंजिनिअरकडं गेला आणि मोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, माझ्या रानापासून सुरू करा. इंजिनिअरनं दोनदा विचारून घेतलं. असा माणूस त्याला नोकरीत भेटला नव्हता. त्यानं हात केला आणि मशीन वळलं.

पहिला घास नाल्याकडच्या बांधाचा गेला. गावकरी अजून रस्त्याकडं बघत होते, कुणीतरी मोटारीतून कागद घेऊन येईल म्हणून. मशीन आत शिरलं, भरलेलं भात चिखलात दाबत अर्ध्या रानापर्यंत गेलं, वळलं आणि पुन्हा आलं. मोटार आली नाही. बांधावरची कुजबुज थांबली. मग भावकू चपला टाकून धावत आला.

"आप्पा! फोन लावा साहेबास्नी! आवं, लावा की!"

मष्णूनं मान हलवली.

भावकूनं त्याचा दंड धरला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "म्हंजी खरंच? खरंच त्येंच्यानं व्हत न्हाय?"

"न्हाय रं."

"मग आमास्नी आदी का सांगितलं न्हाईसा?" भावकू ओरडला आणि त्याला रडू फुटलं.

खाली मालुबाई मशीनच्या वाटेत वाकली होती. चालक भोंगा वाजवत होता, पोलीस हाका मारत होते आणि ती हाताला लागतील तेवढ्या लोंब्या ओरबाडून पदरात घालत होती. मष्णूनं भावकूचा हात सोडवला, बांधावरून खाली उतरला आणि तिच्या शेजारी जाऊन वाकला.